दुसरं कडवं

फणसवाडी, गिरगाव
१२ नोव्हेंबर २०२४

चि. अनुजा,

अनेक आशीर्वाद. हात सवयीने 'चि. सौ.' लिहायला निघाला होता, वेळेत थांबवला. कागद बदलावा लागला नाही.

तू म्हणशील, अप्पांना फोन करायला काय झालं. फोन हातात घेतला होता. पण आपलं फोनवर कसं होतं ते तुला ठाऊक आहे. 'कशी आहेस', 'बरी आहे, तुम्ही?', 'आम्ही मजेत', आणि मग दोघंही पलीकडच्या पंख्याचा आवाज ऐकत बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर त्या दोन निळ्या खुणा उमटल्या की माणूस उत्तराला बांधला जातो. पत्राचं बरं असतं. तू हे महिनाभर उशीखाली ठेवलंस तरी मला कळणार नाही.

आमच्याकडे ठीक चाललंय. लतिकाचा गुडघा थंडी पडली की कुरकुरतो, पण मुंबईत थंडी पडते ती कितीशी, म्हणून निभतंय. तिचं गुरुवारचं भजनी मंडळ चालू आहे. समोरची चाळ पाडली. आता तिथे सकाळपासून खड्डा खणायचं मशीन धडधडत असतं. आपल्या गॅलरीतून पहिल्यांदाच एवढं आकाश दिसतंय. टॉवर उभा राहीपर्यंत वापरून घेतो.

आता खरी बातमी. मी रेकॉर्डिंग करायला लागलोय.

हसलीस ना? लतिकाही हसली होती.

तू गेलीस तेव्हा आतल्या खोलीतलं तुझं सामान जागच्या जागी राहिलं. 'सवडीने नेते, अप्पा' म्हणाली होतीस. माइक, वायरी खुपसायचं ते लाल डबडं, दोन स्पीकर, संगणक, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या माझ्या आईच्या जुन्या गोधड्या. मी अधूनमधून धूळ पुसायचो. लतिका त्या खोलीत जात नव्हती. दार लोटून घ्यायची, केर काढायलासुद्धा कामवाल्या बाईला पाठवायची. एकदा पुसता पुसता डबड्याचं बटण दाबलं गेलं आणि स्पीकरमधून बारीकसा 'हं' आला, कुणी बोलायला तोंड उघडावं तसा. मी फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबलं.

मग शिकत गेलो. यूट्यूबवर लुधियानाचा एक मुलगा आहे, तो हिंदीतून सगळं समजावतो. फार भरभर बोलतो, पण मी त्याला थांबवून थांबवून ऐकतो. ट्रॅक म्हणजे काय, आवाजाची रेघ लाल झाली की काय बिघडतं, हेडफोन कधी घालायचा. सुरुवातीला तर मी मनापासून ऑर्गन वाजवायचो आणि उठल्यावर कळायचं की वायर दुसऱ्याच भोकात आहे.

पोर्ट ट्रस्टच्या नाटकांना मी नोकरीभर ऑर्गनची साथ केली. पण थिएटरातला ऑर्गन वेगळा आणि माइकसमोरचा वेगळा. थिएटरात लोकांना सूर तेवढे ऐकू जातात. माइकला सगळंच ऐकू जातं. भात्याचा श्वास, पायाखालच्या फळीची कुरकुर, माझी नखं पट्ट्यांवर वाजतात तेही. तू मागे म्हणाली होतीस, 'अप्पा, ती कुरकुर राहू द्या, पेटी जिवंत वाटते.' मला तेव्हा वाटलं, सून सासऱ्याची समजूत घालतेय. आता स्वतः ऐकल्यावर पटलं. फळीला तेल घालायचं बंद केलंय.

समोरचं मशीन जेवायला थांबतं, ती माझी रेकॉर्डिंगची वेळ. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजसुद्धा बंद. एकदा तो परत चालू करायचा राहिला आणि लतिकाचं सगळं दूध नासलं. त्या दिवशी मला जे ऐकून घ्यावं लागलं ते रेकॉर्ड केलं नाही.

ऑर्गन जमायला लागला तसा गळाही लावून बघितला. एक साधा 'आ'कार घेतला, परत ऐकला आणि दचकलो. माझे वडील गात होते. मला कुणी सांगितलंच नव्हतं की माझा आवाज त्यांच्यावर गेलाय. मग त्या आवाजावर दुसरा आवाज चढवायचा. आधीचा मी कानात आणि आताचा मी तोंडात. आधीचा मी जरा घाईत असतो, पण त्याला थांब म्हणता येत नाही, तो गाऊन मोकळा झालेला असतो. त्याला सांभाळून घेतच गावं लागतं. तिसरा थर चढवला की तीन म्हातारे बागेतल्या बाकावर बसून गातायत असं वाटतं. तू दार लावून तासन्‌तास एकेक आवाज रचायचीस तेव्हा आम्हाला बाहेर वाटायचं, ही तेच तेच काय गाते. आता माझ्याबद्दल शेजारचे तेच म्हणत असतील.

एक गोष्ट तुला न विचारता केली आहे, ती सांगतो. संगणकात तुझं ते उन्हाचं गाणं आहे. पहिलं कडवं पुरं झालेलं, माझ्या ऑर्गनसकट. 'दोरीवरती वाळत पडलंय घरभर ऊन.' दुसऱ्या कडव्यात ऑर्गन नाही आणि शब्दही नाहीत, नुसते तुझे मागचे आवाज आहेत, एकावर एक रचलेले. कोरस उभा आहे आणि गाणारी अजून यायची आहे, असं ते वाटतं. मी बरेच दिवस नुसतं ऐकत होतो. मग राहवेना. दुसऱ्या कडव्यात ऑर्गन भरला, त्याखाली माझा एक खर्जातला आवाज लावला. तुझं काही पुसलेलं नाही. माझं सगळं वेगळ्या ट्रॅकवर आहे, नको असेल तर एका बटणात जाईल.

बरं, पत्र ह्यासाठी लिहायला घेतलं नव्हतं. सामानाचं विचारायचं होतं. फेब्रुवारीच्या आत घरात थोडे बदल करायचे आहेत. रंग काढायचाय. रंगारी म्हणतो आतल्या खोलीपासून सुरुवात करू, म्हणजे त्या गोधड्या उतरवाव्या लागतील आणि खोली मोकळी करावी लागेल. तुला माहीतच आहे, रंगारी एकदा घरात शिरले की त्यांच्या कलाने घ्यावं लागतं. तेव्हा त्या माइक-स्पीकरचं काय करायचं ते कळव. घाई नाही. म्हणजे आहे, पण फार नाही.

तुझ्या आईला, कमलाबाईंना, माझा नमस्कार सांग. तुझ्या गाण्याच्या शिकवण्या कशा चालल्या आहेत? अनिश बंगलोरला मजेत आहे.

तुझा
अप्पा


फणसवाडी
३ डिसेंबर २०२४

चि. अनुजा,

आशीर्वाद. तुझं उत्तर पोचलं. एवढ्या मोठ्या पाकिटात एवढीशी चिठ्ठी बघून मी पाकीट उलटं करून झटकलं, आणखी काही अडकलंय का म्हणून.

'अनिशचं लग्न ठरलंय हे त्यानेच मला कळवलं. मुलीचं नाव मनवा, हेही माहीत आहे. तुम्ही रंगाऱ्यावर कशाला घालता?'

मी हे लतिकाला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "बरोबर पकडलंन तुम्हाला. पानंच्या पानं लिहिलीत, फ्रिजचं लिहिलंत, दुधाचं लिहिलंत, आणि मुलाचं लग्न तेवढं राहिलं."

तेव्हा आता सरळ लिहितो. अनिश बंगलोरची नोकरी सोडून परत येतोय. फेब्रुवारीत लग्न आहे, साधंच, रजिस्टर. दोघं इथेच राहणार आणि ती खोली त्यांची होणार. मनवा दादरची आहे, एका बँकेत असते. चांगली मुलगी आहे. ती घरात आली की मला बरं वाटतं. आणि बरं वाटतं हे तुला कुठल्या तोंडाने सांगावं हे कळत नव्हतं, म्हणून रंगारी आणला. रंगारी येणार आहे हे मात्र खरं आहे.

तुमच्या दोघांबद्दल मी तुझ्याशी कधी बोललो नाही. काय बोलणार होतो? भांडण असतं तर मध्ये पडता आलं असतं. भांडी आपटली असतीत तर मीच येऊन दोघांना ओरडलो असतो. दोन चांगली माणसं एका घरात हळूहळू गप्प होत गेली. जेवताना वाटी पुढे सरकवायचात तीही न बोलता. लतिका म्हणायची होईल नीट, मी म्हणायचो होईल नीट. मग तुम्ही दोघांनी मिळून आम्हाला समोर बसवलंत आणि सांगितलंत. तेव्हासुद्धा तू आधी चहा केलास. तो चहा पिऊन मी खाली भाजी आणायला निघून गेलो, एवढंच आठवतं. तू कुठे चुकलीस आणि तो कुठे चुकला हे मी शोधायला गेलो नाही. शोधून मला कोण परत मिळणार होतं?

हे लिहायचं ठरवलं नव्हतं. लिहिलं गेलं, राहू दे.

आता तुझ्या चिठ्ठीचा उरलेला भाग. 'सामान विका किंवा कुणाला द्या. गाणं उडवून टाका, ते आता मला नकोय. मी गात नाही, नुसती शिकवते.'

गाणं उडवलेलं नाही. 'उडवायचं कसं ते मला येत नाही' असं लिहिणार होतो. पण येतं. लुधियानावाल्याने ते पहिल्याच दिवशी शिकवलंय.

नाही उडवलं, कारण त्यात आता एकट्याचा आवाज राहिलेला नाही. तुला सांगतो काय झालं ते.

तुझी चिठ्ठी यायच्या आधीची गोष्ट. मी दुपारी दुसऱ्या कडव्यावर बसलो होतो. तुझ्या आवाजांच्या वर एक जागा रिकामी वाटत होती, तिथे एक वरचा सूर हवा होता. माझा गळा तिथवर जात नाही. मी प्रयत्न करत होतो आणि प्रत्येक वेळी घसरत होतो. दार लोटलेलं होतं. बाहेरून लतिका म्हणाली, "अहो, तुम्ही उतरताना चुकताय. ती तिथे थांबते आणि मग उतरते."

मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

"दोन वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय मी," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा ऑफिसच्या जुन्या मंडळींत असायचात. मी घरात असायचे."

आणि ती आत आली. हाताला कणीक होती, ती तशीच. हात कपड्यांना लागू नयेत म्हणून दोन्ही पंजे समोर धरलेले. मी तिच्या डोक्यावर हेडफोन ठेवला, तिचा अंबाडा मध्ये आला, तो जरा खाली सरकवला. म्हटलं, तयार आहेस? ती म्हणाली, "लावा." उभ्यानेच गायली. एकदाच. भजनात गाते तसा उघडा, मोठा आवाज नाही काढला. तुझ्या आवाजाला धक्का लागणार नाही अशा बेताने, अगदी शेजारून गायली. संपल्यावर म्हणाली, "झालं? पोळ्या व्हायच्यात," आणि गेली. जाताना दार लोटून घेतलं नाही. तेव्हापासून ते दार उघडंच असतं.

मग हे मी कसं उडवू?

आणि गेल्या रविवारी मनवा आली होती. अनिशही दोन दिवस आला होता. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "खोली बघू का?" मी पुढे होऊन संगणक बंद करायला गेलो, पण ती माझ्या मागोमाग आली. गोधड्यांवरून हात फिरवला. म्हणाली, "अनिशने सांगितलंय मला सगळं. तुम्ही इथे गाता ना? ऐकवाल?" अनिश दारात होता. तो गॅलरीत निघून गेला.

मी ऐकवलं. ती बसली नाही. पूर्ण होईपर्यंत उभी राहिली.

"हा अनुजाचा आवाज?"

म्हटलं, हो.

"सुंदर आहे. पण मधेच कुणी नसल्यासारखं वाटतं."

म्हटलं, दुसऱ्या कडव्यात गाणारी नाही.

तिने गोधडीची एक लोंबणारी कड नीट केली. मग म्हणाली, "अप्पा, एक सांगू? हे गाणं उडवू नका. पण माझ्या खोलीत ठेवूपण नका. मला रोज सकाळी उठून ह्या भिंतींकडे बघताना वाटत राहील की आपण कुणाच्या तरी जागेवर झोपलोय. तिचं तिला नेऊन द्या. टेम्पोवाल्याच्या हाती नको, तुम्ही जा."

आवाजात राग अजिबात नव्हता. वयाने एवढीशी मुलगी, पण आम्ही तिघांनी जे टाळलं होतं ते तिने एका दमात बोलून टाकलं. मला ती त्याच क्षणी आवडली. तुझ्या जागी म्हणून नव्हे, तिची ती म्हणून.

तेव्हा विचारतो. मी तुझ्याकडे येऊ का? तुझं सगळं सामान घेऊन येतो, आणि माझी ऑर्गनची पेटीही आणतो. दुसऱ्या कडव्यात माझी लय मधे ढिली पडली आहे, ती मला तुझ्यासमोर पुन्हा वाजवायची आहे. वाजवणं आणि बटण दाबणं दोन्ही माझ्याच्याने होत नाही. तू नुसतं बटण दाब. गायचं नसेल तर गाऊ नकोस, मी तो विषय काढणार नाही.

ह्याला पाकीट वाया घालवू नकोस. 'या' किंवा 'नको' एवढं फोनवर टाक.

तुझा
अप्पा


फणसवाडी
३० डिसेंबर २०२४

चि. अनुजा,

कालच भेटलो आणि आज पत्र, म्हणून चक्रावशील. पण काल काही गोष्टी तुला दिसल्या नाहीत, आणि काही मी तोंडाने बोललो नाही. त्या लिहितो.

पहिली गोष्ट, निघतानाची. तुझा निरोप आल्यापासून, 'रविवारी या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पेटी जपून आणा', लतिका पेटी पुसत होती. टेम्पो अनिशने ठरवला. तो नाताळची सुट्टी घालवायला आला होता. हमाल होते, तरी पेटी जिन्यावरून उतरवताना एक बाजू त्यानेच धरली. टेम्पोत गादी घालून दोरी बांधली, ओढून बघितली, सोडून पुन्हा बांधली. मी म्हटलं, येतोस का? तो नाही म्हणाला. मग टेम्पो सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाला, "तिला सांगा, माइकची वायर वेगळ्या पिशवीत ठेवलीय. ती दुमडली की खराब होते, तिला आवडत नाही." मी काल हे तुला सांगायचं विसरलो असं नाही. कमलाबाईंदेखत सांगावंसं वाटलं नाही.

तुझ्याकडे काळाचौकीला पोचलो तर शेजारच्या चाळीत कुणाची तरी हळद आणि त्यांचा डीजे. मला वाटलं, आजचा दिवस गेला. कमलाबाई म्हणाल्या, "बसा वायच, चाय टाकतंय. जेवक बसले की बंद करतील ते." आणि मला म्हणाल्या, "पेटी घेवन तुमी इलात ता बरा झाला." तू तेव्हा खिडक्यांच्या फटीत टॉवेल कोंबत होतीस. माझ्याकडे न बघता, 'अप्पा, खुर्ची तिरकी घ्या, पाय भिंतीला आपटेल' म्हणालीस. दोन वर्षांत काही झालंच नाही अशा आवाजात. मी खुर्ची तिरकी घेतली. तुला कळलं नसेल, पण मला ती नीट ठेवायला जरा जास्तच वेळ लागला.

डीजे बंद झाल्यावर आपण सुरू केलं. पहिल्या खेपेला मी चुकलो. दुसऱ्या खेपेला मधेच खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली. तू 'पुन्हा' म्हणालीस, जसं शिकवणीतल्या पोरांना म्हणत असशील. तिसऱ्यांदा चांगलं वाजलं, मला वाजतानाच कळत होतं. तू म्हणालीस, "बास, हे ठेवू." मग तू माझा खर्ज ऐकलास. थोडं हसलीस. मग संगणकावर लतिकाचा ट्रॅक सुरू झालेला दिसला.

तू माझ्याकडे पाठ करून बसली होतीस. हेडफोन तुझ्या कानाला होते, त्यामुळे मला काही ऐकू येत नव्हतं. फक्त तुझी पाठ दिसत होती. तू विचारलंस, "हे कोण?" मी सांगितलं. तू गाणं थांबवलंस. मागे नेऊन पुन्हा ऐकलंस, आणि पुन्हा.

तेव्हा मी उठून आत गेलो. मी पाणी प्यायला गेलो असं तुला वाटलं असेल. मला तुझ्या मागे बसवेना. स्वयंपाकघरात कमलाबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "दोन वर्सां झाली, ह्या पोरीन घरात गाणा म्हणून म्हटला नाय. भांडी घासताना पण नाय. पोरांका शिकयता, पण शिकवणीच्या पेटीवर बोट ठेवन दाखयता, तोंडान नाय." मला हे ठाऊक नव्हतं. तू 'मी गात नाही' लिहिलं होतंस, ते तू थकून लिहिलेलं वाक्य असं मी समजलो होतो. मी म्हटलं, मी तिला गा म्हणून सांगणार नाही, तसा शब्द दिलाय. त्या म्हणाल्या, "तुमी सांगू नकात."

आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून तुझा आवाज आला.

कमलाबाईंनी कुकर लावायला घेतला होता. तो तसाच खाली ठेवला आणि पुटपुटल्या, "आता मी कुकर लावचंय नाय."

तुझा आवाज पूर्वीचा नव्हता. खरं तेच लिहितो, तुला पोकळ कौतुक आवडत नाही. वरच्या जागेला जरा फाटला. पूर्वी तू तो सूर सहज घ्यायचीस, काल चढून घेतलास. आणि ते शब्द मी कधी ऐकले नव्हते. 'ऊन उतरलं, घडी घातली, ज्याचं त्याला देऊन आले.' ते तेव्हाच लिहिलेले होते की आता सुचले, मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. एकदा थांबलीस. मला वाटलं संपलं. मग तू स्वतःशीच 'पुन्हा' म्हणालीस आणि सुरुवातीपासून गायलीस.

मी बाहेर आलो तेव्हा तू हेडफोन काढून केस नीट करत होतीस. म्हणालीस, "अप्पा, वरचा सूर फाटला." म्हटलं, ऐकला. "पुन्हा घेऊ?" म्हटलं, तू ठरव. तू म्हणालीस, "नको, राहू दे." मग आपण ते सगळं एकत्र लावून स्पीकरवर ऐकलं. तुझे ते जुने आवाज, खाली मी, शेजारी लतिका, आणि पुढे कालची तू. कमलाबाई पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या. मग बांगड्याचं कालवण आणि भात. एवढं तिखट मी आयुष्यात खाल्लं नाही, पण दोनदा मागून घेतलं.

घरी आलो तर लतिका गॅलरीतच होती. जिना चढून येईपर्यंत तिला धीर नव्हता, वरूनच हाताने खूण करून विचारलं, काय झालं? मी फोनवर घेऊन आलेलं गाणं तिला ऐकवलं. मनवा पडद्यांची मापं घ्यायला आली होती, तिनेही ऐकलं. अनिश त्याच खोलीत होता. ह्या वेळी तो बाहेर गेला नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "पूर्ण केलंन तिने." एवढंच. मग तो आणि मनवा मिळून गोधड्या उतरवायला लागले. खोली एकदम मोठी दिसायला लागली. मला वाटलं होतं की मला ते बघवणार नाही. पण बघवलं. मीही खिळे काढायला लागलो.

आता न बोललेली गोष्ट. निघताना मी तुला म्हटलं होतं, उद्या टेम्पो पाठवतो पेटी न्यायला. टेम्पो पाठवत नाही. पेटी तुझ्याकडे राहू दे.

इथे जागा नाही असं समजू नकोस. मनवाने हॉलमध्ये खिडकीखाली टेपने मापून जागा काढून ठेवली आहे, तिला पेटी घरात हवी होती. मीच तिला समजावलं, आणि तिला ते लगेच कळलं. तुझं सामान तुझ्याकडे पोचलं. पेटी इथे परत आली की आपल्या दोन घरांत एकमेकांचं काही उरणार नाही. लोक अशाला 'सगळं नीट मिटलं' म्हणतात. मला ते तसं मिटायला नको आहे. कोर्टाच्या कागदाने तू माझी कोण लागतेस ते मी वाचलेलं नाही आणि वाचायची गरजही वाटत नाही.

ह्या पेटीचं एक असतं. ती वाजवली नाही की भाता आखडतो. तू गाण्याच्या नादात विसरशील, म्हणून मी गुरुवारी दुपारी येत जाईन. लतिकाचं भजन असतं, मी मोकळाच असतो. तुझ्या शिकवणीच्या आड येणार नाही. तू घरी नसलीस तर कमलाबाईंना विचारून बसेन, थोडं वाजवेन आणि जाईन. तू घरी असलीस तर पुढच्या गाण्याचं बघू.

तुझा
अप्पा

*(खाली, वेगळ्या अक्षरात)*

गुरुवारी मीही येते आहे. भजनाला सांगितलंय, थोडे दिवस जमणार नाही म्हणून. यांना एकट्याला जिने चढू द्यायचे नाहीत, हे कारण सगळ्यांना सांगायला. तुला बघायचंय मला.

आई